पाणी शेताबाहेर पडते ती जागा

एखाद्या कारखान्याचे सांडपाणी नदीला मिळते तेव्हा त्याला एक मुख असते. त्या मुखाशी उभे राहून नमुना घेता येतो, कोणी किती सोडले हे ठरवता येते आणि नोटीस कोणाच्या नावाने काढायची याबद्दल संभ्रम राहत नाही. शेतीमुळे बिघडणाऱ्या पाण्याचे तसे नाही. ते शेकडो शेतांच्या उतारांवरून, बांधांच्या फटींतून, जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून थोडे थोडे येते आणि ओढ्याला मिळेपर्यंत त्यातले कोणते कोणाचे हे सांगण्याची सोय उरत नाही. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यावर परवान्याची सक्ती आणली. शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी मात्र त्या सक्तीच्या बाहेर राहिले. त्यामागे शेतकरी संघटनांचे राजकीय वजन होते हे खरेच, पण ज्याला मुखच नाही त्याला परवाना द्यायचा कसा, ही अडचणही खोटी नव्हती.

अशा पाण्याविषयीचे अहवाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. त्यांत शेतकरी साधारणपणे दोनदा भेटतो. पहिल्यांदा तो प्रदूषणाच्या कारणांच्या तक्त्यात असतो, तेही माणूस म्हणून नव्हे, तर ‘कृषी क्षेत्र’ म्हणून. आणि दुसऱ्यांदा अगदी शेवटच्या प्रकरणात, जेथे त्याचे प्रबोधन करावे अशी शिफारस असते. शेतकऱ्यांच्या पुढाकाराने होणाऱ्या संवर्धनाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या दोन भेटींच्या मधल्या रिकाम्या जागेविषयी आहे. मोठ्या पावसात आपल्या शेतातले पाणी नेमके कोठे साचते, कोणत्या कोपऱ्यातून फुटते, कोणत्या नळीला वर्षभर धार असते आणि कोणती केवळ पावसाळ्यात वाहते, हे ज्याला ठाऊक आहे तो एकच माणूस त्या अहवालाच्या लेखनात कोठेही नसतो. त्याला पुढाकार देणे हे मला सौजन्य वाटत नाही. ती माहितीची गरज आहे. त्या पुढाकाराबरोबर त्याच्यावर काय येऊन पडते, हा मात्र वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

आधी पाण्यात जाते काय, ते पाहिले पाहिजे, कारण उपायांचा सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. नत्र आणि स्फुरद ही दोन पोषणद्रव्ये एका दमात उच्चारली जातात, पण शेतातून बाहेर पडण्याच्या त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. नायट्रेटवर ऋणभार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋणभारच असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. ते पाण्यात विरघळून पाण्याबरोबर खाली उतरते आणि निचऱ्याच्या नळ्या असतील तर त्यांतून थेट ओढ्यात पोहोचते. स्फुरद याच्या उलट मातीच्या कणांना चिकटून बसते आणि पुष्कळसे त्या कणांबरोबर, म्हणजे धुपून जाणाऱ्या मातीबरोबरच, प्रवास करते. म्हणून स्फुरद निघून चालला असेल तर पाणी बहुधा गढूळ दिसते, आणि नायट्रेट निघून चालले असेल तर ते नितळ दिसू शकते. हा नितळपणा फार फसवा आहे. नळीच्या तोंडाशी काचेसारखे स्वच्छ पाणी वाहत असेल आणि त्यात नायट्रेटरूपी नत्राचे प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल, म्हणजे अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर ते डोळ्यांना कळण्याचा कोणताच मार्ग नसतो. ही मर्यादा मुळात तान्ह्या मुलांसाठी ठरली; जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळे पडते.

यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे खत कमी करा. तो चुकीचा नाही, पण त्याच्यावर जितका भार टाकला जातो तितका तो पेलू शकत नाही. आयोवा हे अमेरिकेतले मका आणि सोयाबीनचे राज्य. तेथील २०१३ च्या पोषणद्रव्य घट धोरणात निरनिराळ्या उपायांनी नायट्रेटचा ऱ्हास सरासरी किती घटतो याचे अंदाज दिले आहेत. खताची मात्रा आर्थिकदृष्ट्या योग्य पातळीवर आणल्याने साधारण १० टक्के घट मिळते. राय नावाच्या तृणधान्याचे आच्छादन पीक हंगामांच्या मधल्या काळात घेतल्यास ती ३१ टक्के होते. नळीचे पाणी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या चरातून वळवले, म्हणजे तेथील जिवाणू नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नत्रवायूत करतात, आणि घट ४३ टक्के मिळते. योग्य जागी केलेल्या पाणथळीने ५२ टक्के. खतापेक्षा रिकाम्या शेताचा प्रश्न मोठा आहे, असे हे आकडे मला सांगतात. सुपीक काळी माती स्वतःच्या सेंद्रिय अंशातून नायट्रेट तयार करीतच असते. पीक काढल्यापासून पुढचे पीक मूळ धरीपर्यंतच्या कित्येक महिन्यांत ते उचलणारे एकही जिवंत मूळ शेतात नसेल, तर ते पाण्याबरोबर जाणारच. शेतकऱ्याने खताचा एकही जास्तीचा दाणा टाकला नाही तरी ते जाणार. दोषारोपाच्या भाषेत हे वाक्य बसत नाही, म्हणून ते फारसे कोणी उच्चारत नाही.

स्फुरदाच्या बाबतीत तर चांगुलपणानेच गोत्यात आणल्याचे उदाहरण आहे. ईरी सरोवर १९६० च्या दशकात शेवाळाने इतके माजले होते की त्याला मृत सरोवर म्हटले जाई. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, धुण्याच्या साबणांतला आणि शहरी सांडपाण्यातला स्फुरद आटोक्यात आणला आणि सरोवर सावरले. पुढे त्याला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी नांगरट मोठ्या प्रमाणावर सोडून दिली, जेणेकरून माती धुपू नये. माती खरोखरच कमी धुपली. परंतु न नांगरलेल्या जमिनीवर खत वरच्यावर टाकले जाते, स्फुरद वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात साचत राहतो, आणि पावसात तो मातीला चिकटून न जाता पाण्यात विरघळून जातो. शिवाय विरघळलेला स्फुरद शेवाळाला लगेच वापरता येतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या विरघळलेल्या स्फुरदाचे प्रमाण वाढत गेले. शून्य मशागत हे त्याचे एकमेव कारण नव्हे. निचऱ्याच्या नळ्या, खत देण्याच्या वेळा आणि बदललेला पाऊस हेही त्यात आहेत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सरोवराच्या काठावरील टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाचे विष सापडले आणि सुमारे चार-पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. उकळल्याने ते विष नाहीसे होत नाही, उलट पाणी आटून दाट होते.

ज्या शेतकऱ्यांनी काही दशकांपूर्वी तज्ज्ञांचे ऐकून नांगर ठेवून दिला, त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचे की खत जमिनीच्या आत पेरा, वर पसरू नका, आणि जमीन गोठलेली किंवा ओली असताना मुळीच टाकू नका? सांगावे तर लागणारच. पण येथे सल्ला देणाऱ्याचे काम संपते आणि दुसऱ्या कोणाचे तरी सुरू होते, असे मला वाटते. तो दुसरा कोणीतरी म्हणजे शेजारचा शेतकरी असतो, ज्याने यंत्रात बदल करून खत खाली पेरून पाहिले आहे, ज्याचे उत्पन्न घटलेले नाही, आणि ज्याच्या शेतात बांधावर उभे राहून कोणालाही पाहता येते.

न्यूयॉर्क शहराची गोष्ट या संदर्भात पुष्कळदा सांगितली जाते. मात्र ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. शहराचे बहुतांश पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअर खोऱ्यांतल्या जलाशयांतून येते. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अशा उघड्या जलाशयांच्या पाण्यासाठी गाळणी प्रकल्प सक्तीचा केला. पाणलोट क्षेत्र सुरक्षित असल्याचे दाखवता आले तरच सूट होती. प्रकल्पाला कित्येक अब्ज डॉलर लागणार होते. झरे-डोंगर राखणे यंत्रांपेक्षा स्वस्त पडले, ही झाली प्रसिद्ध अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की शहराने प्रथम नेहमीचा मार्ग धरला होता: १९९० मध्ये नियमांचा मसुदा काढला, ज्यातल्या ओढ्यापासूनच्या अंतरांच्या अटी पाहता डोंगरातल्या अरुंद दऱ्यांत दूध व्यवसाय चालवणेच अशक्य झाले असते. शेतकरी चिडले. दीर्घ बोलण्यांनंतर जे ठरले ते असे, की कार्यक्रम ऐच्छिक राहील, तो शेतकऱ्यांचे प्राबल्य असलेले मंडळ चालवील, खर्च शहर करील, आणि त्याच्या बदल्यात पाच वर्षांत पाणलोटातील ८५ टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत.

ही ८५ टक्क्यांची अट मला या साऱ्या व्यवहाराचा कणा वाटते. प्रत्येक शेतकऱ्याला सहभागाचे स्वातंत्र्य होते, पण सर्वांना मिळून ते नव्हते. पुरेसे लोक आले नाहीत तर नियमांचा मसुदा पुन्हा टेबलावर येणार होता. त्यामुळे शेजाऱ्याला समजावणे हे सरकारी अधिकाऱ्याचे नव्हे, तर शेतकऱ्याचेच काम झाले, आणि ते काम तडीला गेले. प्रत्येक शेताचा स्वतंत्र आराखडा तयार झाला, ज्यात शहराला भीती असलेल्या जंतूंचाही विचार होता. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी विशेषतः लहान वासरांच्या शेणातून पसरतात, म्हणून वासरांच्या गोठ्याची जागा, हवा आणि कोरडेपणा यांवर खर्च झाला. वासरे निरोगी राहिली तर शेतकऱ्याचाही लाभच होता. पाण्याच्या आणि धंद्याच्या हिताची अशी गाठ सगळीकडे पडत नाही, पण जेथे पडते ती जागा शोधून काढायला गोठ्यात वावरणारा माणूसच लागतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील आओरेरे नदीच्या खोऱ्यात प्रश्न आणखी उघडा होता. वर दुभत्या गाईंची कुरणे, खाली उपसागरात शिंपल्यांची शेती. पाऊस पडला की शेणातले जिवाणू नदीतून समुद्रात उतरत आणि शिंपले काढण्यास मनाई होई. येथे दोन्हीकडे उत्पादकच होते, एकाच्या धंद्याने दुसऱ्याचा धंदा बुडत होता आणि दोघे एकमेकांना ओळखतही होते. २००६ च्या सुमारास दूध उत्पादकांनी पुढाकार घेऊन शेतागणिक पाहणी केली, गोठ्यांतले सांडपाणी साठवण्याच्या सोयी वाढवल्या, ओढ्यांना कुंपणे घातली, जनावरांच्या वाटांवर पूल बांधले. शिंपल्यांच्या काढणीचे दिवस वाढले, आणि २०१५ मध्ये या कामाला त्या देशातला पहिला नदी पुरस्कार मिळाला. नुकसान सोसणारा माणूस समोर असणे ही या यशातली मोठी गोष्ट होती, असे मी मानतो. मिसिसिपी खोऱ्यातल्या शेतकऱ्याला नदीने वाहून नेलेल्या पोषणद्रव्यांमुळे मेक्सिकोच्या आखातात तयार होणारा प्राणवायूहीन पट्टा आणि तेथला कोळंबी पकडणारा कोळी दिसत नाही. मध्ये हजारो मैल आहेत आणि लाखो इतर शेते आहेत. एवढ्या अंतरावर विवेकबुद्धी जागी ठेवा असे सांगणे सोपे आहे, पण कोणाचीही विवेकबुद्धी एवढ्या अंतरावर नीट चालत नाही. माझीही चालत नाही.

म्हणूनच लहान ओढ्याला महत्त्व आहे. ज्या पाणलोटातल्या सगळ्या शेतकऱ्यांना एकमेकांची नावे ठाऊक असतात, तेवढ्या आकाराच्या पाणलोटात मोजणीला अर्थ येतो. विस्कॉन्सिन राज्यात २०१६ पासून उत्पादकांच्या गटांना अनुदान मिळते. त्यासाठी एकाच पाणलोटातले निदान पाच शेतकरी एकत्र यावे लागतात. पाच ही संख्या हास्यास्पद वाटेल. पण पाच शेतकरी एका खोलीत बसून आपापल्या शेतातल्या नळीच्या पाण्याचे आकडे समोर ठेवतात तेव्हा जे होते, ते पाचशे जणांच्या मेळाव्यात होत नाही. नमुन्यांना केवळ क्रमांक दिलेले असले आणि आपला क्रमांक ज्याचा त्यालाच माहीत असला, तर लाज वाटण्याचे कारण उरत नाही. तरीही सर्वांत मोठा आकडा आपला आहे हे ज्याला कळते, तो घरी जाताना विचार करतोच. प्रश्न ‘शेतीमुळे पाणी बिघडते का’ हा राहत नाही, ‘माझ्या तिसऱ्या नळीला एवढे का’ असा होतो. पहिल्या प्रश्नावर आयुष्यभर वाद घालता येतो. दुसऱ्याचे उत्तर पाहायला शेतात जावे लागते.

आयोवातल्या ह्युइट क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात शेतकऱ्यांच्या मंडळाने प्रोत्साहनाची रक्कम कशाला द्यायची हे स्वतः ठरवले, आणि ती एखादी पद्धत अवलंबल्याबद्दल नव्हे, तर मोजून दिसणाऱ्या परिणामाशी जोडली. तेथे वापरलेल्या कसोट्यांपैकी एक मला विशेष आवडते. मका पक्व झाल्यावर ताटाचा जमिनीपासून सहा ते चौदा इंचांमधला तुकडा कापून त्यातले नायट्रेट तपासतात. मक्याला गरजेपेक्षा जास्त नत्र मिळाले असेल, तर ते ताटाच्या बुडाशी साठून राहते. २,००० पीपीएमच्या (दशलक्ष भागांमागे २,००० भागांच्या) वर आकडा गेला, म्हणजे दिलेल्यातले काही उगाच दिले होते. ही कसोटी शेतकऱ्याला त्याच्याच पिकाच्या साक्षीने बोलते. हंगाम संपून गेलेला असल्याने त्या वर्षी त्याचा उपयोग नसतो, पण पुढच्या वर्षी खत भरताना तो आकडा आठवतो. जास्तीचे खत हे पुष्कळांच्या दृष्टीने विम्यासारखे असते: कमी पडले तर नुकसान माझे, जास्त झाले तर खालच्याचे. हा हिशेब दुष्टपणाचा नाही, तो अनिश्चिततेचा आहे, आणि अनिश्चितता कमी करणाऱ्या मोजणीनेच तो बदलतो.

एवढे सगळे मान्य करूनही, ऐच्छिक कामाच्या स्तुतीत जे एक मोघमपण असते ते मला खटकते. किती शेतकरी आले, किती एकरांवर आच्छादन पीक घेतले, किती कार्यशाळा झाल्या, यांचे आकडे छापले जातात. ओढ्यात काय झाले तो आकडा शेवटी येतो, किंवा येतच नाही. याला एक प्रामाणिक कारण आहे. भूजलातून हळूहळू सरकणारे नायट्रेट ओढ्याला पोहोचायला काही वर्षे, कोठे कोठे काही दशके लागतात. मातीत साठलेला स्फुरद खत थांबवले तरी बराच काळ निसटत राहतो. शिवाय पाऊस सगळा हिशेब उधळून टाकतो. २०१२ च्या दुष्काळात आयोवातल्या पिकांनी नत्र पुरते उचलले नाही, ते जमिनीतच राहिले, आणि २०१३ च्या ओल्या वसंतात डे मॉइन शहराला पाणी पुरवणाऱ्या नद्यांतल्या नायट्रेटने उच्चांक गाठला. त्या एका वर्षावरून कोणत्याही गटाची परीक्षा घेणे अन्यायाचे झाले असते. पण उशीर लागतो हे खरे असल्यानेच ते सबब म्हणूनही वापरता येते, आणि दोन्हींतला फरक बाहेरून ओळखणे कठीण असते.

डे मॉइन शहराच्या पाणी पुरवठा संस्थेची सहनशक्ती संपली. १९९० च्या दशकापासून ती नायट्रेट काढण्याचे खर्चिक संयंत्र चालवत होती. २०१५ मध्ये तिने वरच्या अंगाच्या तीन परगण्यांतल्या निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांच्या निचऱ्याची सामाईक व्यवस्था पाहणाऱ्या मंडळांवर, दावा लावला. तिचे म्हणणे असे होते की जमिनीखालच्या नळ्या एकत्र होऊन जेथे चरात उतरतात तेथे मुख आहे, आणि मुख असेल तर परवानाही हवा. २०१७ मध्ये दावा फेटाळला गेला, तोही मुख्यतः निचरा मंडळांना असे उत्तरदायी धरताच येत नाही या मुद्द्यावर. नळी हे मुख आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. दाव्याने गावे आणि शहर यांत कटुता आली, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण दाव्याच्या काळात संवर्धनाची चर्चा जितक्या गांभीर्याने झाली तितकी आधी झाली नव्हती, हेही नाकारता येत नाही. न्यूयॉर्कच्या मसुद्याने जे केले तेच काही अंशी या दाव्याने केले. पुढाकार शेतकऱ्याचा असावा, पण त्याच्या मागे कोठेतरी तारीख आणि आकडा असावा, नाहीतर उत्साही लोक काम करतात आणि ज्यांच्या शेतातून सर्वांत जास्त वाहून जाते ते बैठकीला येतच नाहीत.

वाहून जाणे सगळीकडे सारखे नसते, ही गोष्ट खरे तर आशादायक आहे. आयोवातल्याच प्रयोगात पाणलोटाच्या १० टक्के जमिनीवर, उतारावरच्या नेमक्या जागी, स्थानिक गवताचे व फुलझाडांचे पट्टे राखले तेव्हा वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्के घटली. नव्वद टक्के जमीन पिकाखालीच राहिली. ते पट्टे कोठे ठेवायचे हे उंचसखलपणाच्या नकाशावरून बरेचसे कळते, आणि उरलेले शेतकऱ्याला विचारून कळते. बहुतेकदा तो दाखवतो ती जागा तशीही फारसे पीक देत नसते.

या सगळ्यात एक माणूस बैठकीला बोलावला जात नाही, तो म्हणजे जमिनीचा मालक. आयोवात निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. ती भाड्याने घेतलेली असते आणि करार बहुधा वर्षावर्षाने पुढे सरकतो. लाकडी चिपांचा चर दहा-पंधरा वर्षे काम देतो, आच्छादन पिकाने मातीत होणारी सुधारणा दिसायला काही हंगाम जातात, आणि पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही हे कसणाऱ्याला माहीत नसते. अशा माणसाला संवर्धनाचे महत्त्व पटवून देण्यात अर्थ नसतो, कारण ते त्याला पटलेले असते. त्याच्याकडे मुदत नसते. भाडेकराराची मुदत वाढवणे, बियाण्याचा खर्च मालक किती उचलणार हे करारातच लिहिणे, आणि कसणाऱ्याने केलेल्या बांधकामाची उरलेली किंमत त्याला परत मिळण्याचे कलम घालणे, एवढ्या तीन गोष्टींवर शेतकरी गटांनी नळीच्या पाण्याइतकाच वेळ घालवला, तर पाणलोटातली पुष्कळशी जमीन प्रथमच या कामाच्या आवाक्यात येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वकील आणि मालकांच्या पत्त्यांची यादी लागते.